हॅनिबल घेऊनही हरताय? या चुका टाळा

रोमन काळावरच्या वॉरगेममध्ये, म्हणजे पटावर खेळायच्या युद्धाच्या गेममध्ये, नवखा खेळाडू लढायांत फारसा मार खात नाही. लढाया जिंकतो आणि गेम हरतो. 'हॅनिबल: रोम व्हर्सेस कार्थेज' या गेममध्ये हे हमखास बघायला मिळतं. मार्क सिमोनिचने रचलेला आणि अ‍ॅव्हलॉन हिलने 1996 साली काढलेला हा गेम रोम आणि उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज यांच्यातल्या दुसऱ्या प्युनिक युद्धावर आहे; हॅनिबल हा कार्थेजचा सेनापती. इ.स.पू. 218 पासूनचं युद्ध नऊ टर्नमध्ये बसवलंय. हॅनिबलचा काउंटर (सोंगटी) हातात आला की पुढचे तीन तास कत्तलच करायची, अशा आवेशात लोक बसतात.

पण प्रत्येक टर्नच्या शेवटी हिशेब प्रांतांचा होतो. ज्याच्याकडे प्रांत कमी, त्याने फरकाइतके राजकीय मार्कर (जागा कोणाच्या ताब्यात आहे ते दाखवणाऱ्या सोंगट्या; प्रांत त्यांच्या बहुमतावर ठरतो) पटावरून उचलायचे. उचलायलाच काही उरलं नाही, तर तह करून मोकळं व्हायचं, म्हणजेच हरायचं. प्रत्यक्षातही असंच झालं. इ.स.पू. 216 मध्ये कॅनीच्या लढाईत रोमचं सैन्य कापलं गेलं, इटलीतलं कापुआ शहर हॅनिबलला जाऊन मिळालं, पण नेपल्स आणि नोला हलले नाहीत. इ.स.पू. 211 मध्ये रोमने कापुआही परत घेतलं. हॅनिबल इ.स.पू. 203 पर्यंत इटलीत होता, मैदानी लढाईत त्याला कोणी नीट हरवलं नाही, आणि तरी युद्ध हातचं गेलं.

तीनचा पत्ता हॅनिबलवर उधळणे

नवख्यांची ही सगळ्यात महागडी चूक. पत्त्यावर 1, 2 किंवा 3 हा आकडा असतो. पत्ता टाकून एकतर सेनापती हलवायचा किंवा आकड्याइतके राजकीय मार्कर ठेवायचे. सेनापतीला हलवायचं तर पत्त्याचा आकडा त्याच्या स्ट्रॅटेजी रेटिंगइतका तरी लागतो. हॅनिबलचं रेटिंग 1 आहे, म्हणजे तो कुठल्याही भुक्कड पत्त्यावर उठून चालू लागतो. त्याच्यासाठी तीनचा पत्ता टाकलात, तर तीन राजकीय मार्कर ठेवायची संधी घालवलीत. एकचे पत्ते हॅनिबलसाठी राखून ठेवा आणि तीनचे पत्ते मार्करसाठी वापरा. रोमचं दुखणं याच्या उलट असतं. कॉन्सल (रोमचे निवडून आलेले सेनापती) दर टर्नला बदलतात, आणि तीन रेटिंगचा कूर्मगती गृहस्थ निवडून आला तर एकच्या पत्त्यांवर तो जागचा हलत नाही. अशा वेळी हातातले बारके पत्ते मार्करवर खर्चा, कुरकुरू नका.

मार्कर ठेवण्याबाबत आणखी एक गोष्ट. शत्रूचा मार्कर उलटवायचा तर त्या जागी तुमचं सैन्य लागतं, रिकाम्या जागेला मात्र सैन्याची गरज नाही. सामान्य खेळाडू समोर सैन्य दिसेल तिकडे धावतो. मुरलेला खेळाडू कोणत्या प्रांतात एका मार्करने बहुमत फिरेल ते शोधत बसलेला असतो.

शेवटचा पत्ता आणि हिवाळा

टर्नच्या सुरुवातीला पहिला कोण खेळणार हे कार्थेज ठरवतं. दोघांना पत्ते सारखेच मिळतात, त्यामुळे मागून खेळणाऱ्याच्या हाती शेवटचा पत्ता राहतो, आणि मोजणी त्याच्या लगेच नंतर असते. तरीही कार्थेजवाले उत्साहाने "मी आधी" म्हणतात. आधी खेळण्यासाठी ठोस कारण हवं. समोरचा तुमच्या दुबळ्या सैन्यावर तुटून पडणार असेल, तर ते कारण झालं. केवळ हात शिवशिवतात म्हणून आधी खेळू नका.

हिवाळ्याचंही तसंच. टर्न संपताना शत्रूचा मार्कर असलेल्या जागी सैन्य उभं असेल तर त्याची झीज होते. भर इटलीत घुसून लढाई जिंकायची, मग त्याच परक्या जागेवर हिवाळा काढून निम्मा विजय गमवायचा, हे चित्र नेहमीचं आहे. म्हणून शेवटचा एखादा पत्ता पायाखालची जागा आपली करण्यासाठी बाजूला ठेवा.

फेबियस म्हणजे गनिमी कावा नव्हे

ही चूक खास आपल्याकडची. फेबियस हा समोरासमोर लढाई टाळणारा रोमन सेनापती. असा रोमन म्हटला की मराठी माणसाच्या डोक्यात लगेच गनिमी कावा येतो. मग तो रोमचं सैन्य दोन-दोन, तीन-तीनच्या तुकड्यांत विखरून ठेवतो आणि हॅनिबल त्या एकेक करून गिळतो. पण इ.स.पू. 217 मध्ये डिक्टेटर (संकटकाळी सर्वाधिकार दिलेला रोमन अधिकारी) झालेल्या फेबियसचा भर छाप्यांवर नव्हता. तो मोठी फौज एकत्र ठेवून टेकड्यांच्या आधाराने हॅनिबलच्या मागे मागे राहायचा आणि त्याला रसद सुखाने गोळा करू द्यायचा नाही. पटावर याचा अर्थ असा, की एक भक्कम सैन्य हॅनिबलच्या वाटेत पण त्याच्या तडाख्याबाहेर ठेवायचं, आणि दुसरं सैन्य स्पेनमध्ये प्रांत फिरवायला पाठवायचं. हॅनिबल एका वेळी एकाच ठिकाणी असतो. रोमने हे युद्ध त्याच जोरावर जिंकलं: रोमन सेनापती स्किपिओने इ.स.पू. 209 मध्ये स्पेनमधलं न्यू कार्थेज घेतलं, तेव्हा हॅनिबल दक्षिण इटलीत होता.

लढाई टाळता आली नाहीच, तर हातातले लढाईचे पत्ते (यांचा गठ्ठा वेगळा असतो) मोजा. 48 पत्त्यांपैकी 12 समोरच्या हल्ल्याचे आहेत. डावी बगल, उजवी बगल आणि चाचपणी यांचे प्रत्येकी 9, दुहेरी वेढ्याचे 5 आणि राखीव 4. हल्लेखोर जो पत्ता टाकेल तोच बचाव करणाऱ्याला टाकता आला नाही की लढाई संपली. म्हणून एखादा प्रकार तुमच्याकडे चार-पाच आला असेल तर तो समोरच्याकडे कमी असणार, तिथेच घाव घाला. आणि हरलेल्याने सैन्याच्या नुकसानीच्या निम्मे राजकीय मार्करही उचलायचे असतात, हा नियम पहिल्या काही खेळांत सर्रास विसरला जातो. तो विसरला की लढाईला किंमतच उरत नाही आणि सगळा गेम बेचव लागतो.

'एसपीक्यूआर'मध्ये अडकलात तर

रिचर्ड बर्ग आणि मार्क हर्मन यांचा 'एसपीक्यूआर' हा वेगळाच प्रकार आहे. इथे रोमन काळातली एकेक लढाई हेक्सच्या (षटकोनी घरांच्या) पटावर, तुकडी-तुकडीने खेळायची. आकडे विचित्र येताहेत असं वाटलं तर आधी फासा तपासा. दहा बाजूंच्या फाशावरचा 0 हा इथे शून्यच धरायचा, दहा नाही. दुसऱ्या गेमच्या सवयीने तो दहा धरला की चांगल्या तुकड्याही पटापट मोडू लागतात.

दुसरी तपासणी भिडण्याच्या आधीची. हल्ला करताना दोन्ही बाजूंची शिस्त फाशाने तपासायची असते. घाईत ही पायरी गाळली जाते आणि थेट निकालाच्या तक्त्यावर उडी पडते. तक्त्याच्या बाजूला पायऱ्या क्रमाने लिहिलेला कागद ठेवा आणि प्रत्येक पायरीवर बोट ठेवून पुढे जा. कंटाळवाणं वाटेल, पण दोन-तीन टर्ननंतर कागदाची गरज पडत नाही.

सेनापतींचा क्रमही उलटा वाटतो. कमी इनिशिएटिव्हचा (पुढाकाराचा आकडा) आधी आणि हुशार माणूस शेवटी हलतो. त्याला मध्येच घुसायचं असेल तर फासा टाकून धोका पत्करावा लागतो. आणि रोमन बाजू घेतलीत तर ट्रायरी (रोमन पायदळाची सगळ्यात मागची ओळ) पहिल्या झटक्यात पुढे ढकलू नका. पुढच्या ओळीतल्या हस्ताती थकल्या की मधल्या ओळीतल्या प्रिन्सिपेस, आणि अगदीच गळ्याशी आलं तर ट्रायरी, याच क्रमासाठी त्या तीन ओळी आहेत. सगळ्या एकदम भिडवल्या तर मागे आधार राहत नाही.

समोरासमोर बसायला कोणी मिळत नसेल तर पटावरचे गेम संगणकावर ऑनलाइन खेळायला व्हासल हे मोफत सॉफ्टवेअर आहे. पुण्यातला एक आणि न्यू जर्सीतला एक असे दोघे रोज थोडं थोडं खेळू शकतात, आणि पावसाळ्यात कागदी मॅप फुगण्याची भीतीही नाही.

चार-पाच जण जमले तर मात्र 'द रिपब्लिक ऑफ रोम' हा रोमच्या सिनेटवरचा गेम काढा, पण सुरुवातीलाच सगळ्यांना एक नियम मोठ्याने वाचून दाखवा: एकाच वेळी चार युद्धं पेटलेली राहिली तर रोम बुडतं आणि टेबलावरचा प्रत्येक जण हरतो. हे न सांगता बसलात तर पहिल्या तासाभरात सगळे सिनेटर एकमेकांचे पाय ओढण्यात गुंग होतात, आणि फौज पाठवायच्या ठरावाला मत द्यायला कोणी तयार नसतं.