शिडाच्या होडीने कोकण किनारा : परतीला जास्त दिवस ठेवा

जोडीने मुंबईहून गोव्याकडे शिडाच्या होडीने निघणार असाल, तर जाण्यापेक्षा येण्यासाठी दिवस जास्त धरा. हिवाळ्यात दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो. दक्षिणेला जाताना तो पाठीवर असतो आणि प्रवास सोपा वाटतो. उत्तरेला येताना तोच वारा थेट तोंडावर येतो. म्हणून परतताना पहाटे, जमिनीकडून येणारे मतलई वारे चालू असतानाच नांगर उचला.

जयगड ते विजयदुर्ग सुमारे ४५ सागरी मैल आहे. ताशी ५ मैलांनी नऊ तास लागतात, म्हणजे हिवाळ्याचा जवळजवळ सगळा दिवस. उशीर झाला तर वाटेत रत्नागिरीला थांबायचं, हे आदल्या रात्रीच दोघांनी बोलून ठेवा; दमल्यावर ठरवायला बसलं की हमखास वाद होतात. खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात, त्यामुळे उजेडात आणि चढत्या भरतीलाच आत शिरा. अंधारात मच्छीमारांची जाळी दिसत नाहीत, ती सुकाणूत अडकतात.

घरच्यांना पोहोचण्याची तारीख सांगूच नका. रोज संध्याकाळी कुठे नांगर टाकला तेवढं कळवा.