ऑनलाइन अर्जाचा फॉर्म तयार करताना या चुका टाळा

ऑनलाइन अर्ज अर्ध्यावर सोडून उठलेल्या माणसाला कारण विचारले, तर तो बहुधा स्वतःलाच दोष देतो: 'आम्हाला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही.' फॉर्म तयार करणाऱ्यांनाही हे उत्तर सोयीचे वाटते, कारण मग त्यांना काही दुरुस्त करावे लागत नाही. परंतु मराठी फॉर्म तपासण्याच्या कामानिमित्त मी ज्या अर्जदारांच्या शेजारी बसलो, त्यांच्यापैकी बहुतेकांना आपल्याला काय हवे आहे ते नेमके ठाऊक होते. स्क्रीनच त्यांना अपुरे किंवा चक्क खोटे सांगत होती. मदत केंद्राकडे येणाऱ्या तक्रारीही फिरून फिरून त्याच चार-पाच वाक्यांत येतात. तीच वाक्ये मथळे म्हणून घेऊन त्यांची कारणे आणि उपाय पुढे दिले आहेत.

'पैसे कापले गेले, पण अर्ज दिसत नाही'

तालुक्याच्या गावातील एका सेवा केंद्रात साठीचे एक गृहस्थ स्वतःच्या फोनवर अर्ज भरत होते. सगळे रकाने त्यांनी न चुकता भरले, शुल्क भरले, बँकेचा मेसेज आला, त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते उठले. फोनच्या स्क्रीनवर 'पेमेंट यशस्वी' असे हिरव्या अक्षरांत झळकत होते आणि त्याच्या बरेच खाली, बोटाने वर सरकवल्याशिवाय न दिसणाऱ्या जागी, 'अर्ज अंतिम करा' हे बटण होते. ते दाबले गेले नाही, म्हणून अर्ज मसुदाच राहिला.

ही चूक विसरभोळेपणाची नाही. मनातले मुख्य काम झाले की त्यानंतरची पायरी निसटते, हा माणसाचा स्वभाव आहे. सुरुवातीच्या काळातील अनेक एटीएम यंत्रे आधी पैसे देत आणि नंतर कार्ड परत करत, तेव्हा लोक पैसे घेऊन निघून जात आणि कार्ड यंत्रातच राही. पुढे क्रम बदलून कार्ड आधी आणि पैसे नंतर असे करण्यात आले. लोकांना सूचना वाचायला लावून हा प्रश्न सुटला नसता. फॉर्ममध्येही अर्जदाराच्या दृष्टीने शेवटची असलेली गोष्ट, म्हणजे पैसे भरणे, खरोखरच शेवटी ठेवावी आणि रक्कम जमा होताच अर्ज आपोआप अंतिम व्हावा. तपासून पाहण्याची संधी द्यायची असेल, तर ती पैसे भरण्यापूर्वी द्यावी.

अर्ज क्रमांकाचा एसएमएस पाठवताना एक बारीकसा हिशेब लक्षात ठेवावा लागतो. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरचिन्हे बसतात, तर देवनागरीत ७०, आणि त्यांतही काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येकी स्वतंत्र मोजली जातात. त्यामुळे 'महोदय, आपला अर्ज यशस्वीरीत्या प्राप्त झाला असून' अशा पाल्हाळाने सुरुवात करू नये. क्रमांक पहिल्याच ओळीत द्यावा.

'बटण दाबले, पण काहीच झाले नाही'

बटण दाबल्यावर पाच-सहा सेकंद स्क्रीन जशीच्या तशी राहिली, की माणूस पुन्हा दाबतो, मग आणखी एकदा दाबतो आणि एकाच नावाचे तीन अर्ज दाखल होतात. यावर 'कृपया बटण एकदाच दाबावे' अशी लाल सूचना लिहिणे हा उपाय नव्हे. साधारणतः एक दशांश सेकंदात प्रतिसाद मिळाला तर तो तात्काळ वाटतो, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि दहा सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते, ही मोजमापे मानव-संगणक संवादाच्या अभ्यासात १९६०च्या दशकापासून वापरात आहेत. म्हणून बटण दाबताक्षणी ते फिके होऊन त्यावर 'पाठवत आहोत' असे दिसावे, वेळ लागणार असेल तर काय चालले आहे ते सांगावे आणि सर्व्हरनेही एकाच अर्जाची दुसरी प्रत ओळखून बाजूला ठेवावी.

याहून गंभीर चूक म्हणजे काम झाले नसतानाही ते झाल्याचे सांगणे. फोनवरून माहिती निघाली की लगेच 'अर्ज सादर झाला' असे दाखवणारे फॉर्म मी पाहिले आहेत. माहिती सर्व्हरवर नोंदली गेली की नाही, याची ते वाटच पाहत नाहीत. मध्येच नेटवर्क गेले तर अर्जदार निश्चिंत घरी जातो आणि अर्ज कुठेच नसतो. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात जो अपघात झाला, त्याच्या अनेक कारणांपैकी एक कारण याच जातीचे होते. नियंत्रण कक्षातील एक दिवा झडप बंद झाल्याचे दाखवत आहे, असे तिथल्या चालकांना वाटले. प्रत्यक्षात झडपेला बंद होण्याचा आदेश गेला आहे, एवढेच तो दिवा सांगत होता. झडप उघडीच अडकून राहिली होती आणि तिच्यातून दोन तासांहून अधिक काळ शीतकरणाचे पाणी निघून जात होते. आदेश दिला जाणे आणि काम होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्क्रीनने दुसरी सांगितली पाहिजे.

हे नीट केल्याची उदाहरणे आपल्या रोजच्या व्यवहारात आहेत. मतदान यंत्रावरील बटण दाबल्यानंतर दिवा लागतो, लांब शिट्टी वाजते आणि व्हीव्हीपॅटच्या काचेमागे उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी ७ सेकंद दिसते, म्हणजे डोळ्यांना आणि कानांना अशी दुहेरी पोच मिळते. भाजीवाल्या मावशींच्या गाडीवरचा, 'पन्नास रुपये प्राप्त झाले' असे ओरडून सांगणारा डबाही त्याच कुळातला. मावशींचे हात भाजी निवडण्यात गुंतलेले असले, तरी गिऱ्हाइकाच्या फोनवरील हिरव्या खुणेवर त्यांना विसंबावे लागत नाही. तो डबा पैसे पाठवल्याचे सांगत नाही, ते आल्याचे सांगतो, ही त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

'माझे नाव घेत नाही'

मराठी फॉर्मच्या बाबतीत सर्वाधिक डोकेदुखी इथे होते, आणि ती बहुधा तयार करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. नावाच्या रकान्यात आकडे किंवा खुणा येऊ नयेत, म्हणून 'फक्त अक्षरे स्वीकारा' असा नियम लिहिला जातो. युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिपींतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या संगणकीय प्रमाणपद्धतीच्या, वर्गवारीत मात्र स्वर आणि व्यंजने तेवढी अक्षरे धरली जातात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पायमोड यांचा वर्ग 'चिन्हे' असा वेगळा आहे. परिणामी 'कमल' आणि 'रमण' ही नावे बिनबोभाट पुढे जातात आणि 'सीमा' व 'विठ्ठल' अडतात. तपासणी करणाऱ्याने चाचणीसाठी 'कमल' लिहिले असेल, तर फॉर्म निर्दोष म्हणून पास होतो. नियमात अक्षरांसोबत चिन्हांचा वर्गही घ्यावा, आणि चाचणीसाठी नावे निवडताना मुद्दाम अवघड नावे निवडावीत.

अवघड नावांत पहिला मान 'गोऱ्हे', 'कऱ्हाडे', 'बऱ्हाटे' यांसारख्या आडनावांचा. यातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो: काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ आणि पायमोड वापरतात, तर काही साधा र, पायमोड आणि एक अदृश्य जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही 'गोऱ्हे' तंतोतंत सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द असतात, आणि एकाच मजकुराची निराळी रूपे एक करणारी युनिकोडची ठरलेली सामान्यीकरणाची प्रक्रियाही हा फरक मिटवत नाही. 'ॲ'चे तसेच आहे. तो एकसंध अक्षर म्हणूनही लिहिला जातो आणि अ वर चंद्र देऊनही. ज्या फॉर्ममध्ये अर्जातील नाव जुन्या नोंदीतील नावाशी ताडून पाहिले जाते, तिथे 'नाव जुळत नाही' हा शेरा अर्जदाराला वेड लावतो, कारण त्याच्या डोळ्यांना दोन्ही नावे जुळलेलीच दिसतात. ताडून पाहण्यापूर्वी अशा जोड्या एकाच रूपात आणण्याचा नियम स्वतःच लिहावा लागतो. तो चार ओळींचा आहे आणि शेकडो फोन वाचवतो.

लांबीच्या मर्यादेतही हाच गोंधळ होतो. 'क्षितिज' हे नाव डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसते. युनिकोडच्या मोजणीत त्यात सात चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ या साठवणुकीच्या नेहमीच्या पद्धतीत ते २१ बाइट (संगणकातील जागेचे एकक) घेते. इंग्रजी नावे डोळ्यांसमोर ठेवून '३० बाइट पुरेत' असे ठरवणाऱ्याने पूर्ण नाव लिहिणाऱ्या मराठी माणसाला दारातच अडवले, असे समजावे.

अंकांचेही तेच. फोनचा कीबोर्ड मराठीवर असेल, तर मोबाइल क्रमांक सहजच '९८' असा देवनागरीत लिहिला जातो. जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेतील अंक ओळखणारे नेहमीचे चिन्ह फक्त इंग्रजी अंक ओळखते, त्यामुळे दहा अंक अचूक लिहूनही 'क्रमांक अवैध' असे उत्तर येते. अर्जदाराला कीबोर्ड बदलायला सांगण्याऐवजी देवनागरी अंकांचे इंग्रजी अंकांत निमूटपणे रूपांतर करून घ्यावे. दहा अंकांची अदलाबदल संगणकाने करायची नाही, तर कोणी करायची?

आडनाव, स्वतःचे नाव आणि वडिलांचे अथवा पतीचे नाव असे तीन सक्तीचे रकाने करण्याचाही हट्ट नसावा. अनेकजण पहिल्याच रकान्यात पूर्ण नाव लिहून मोकळे होतात. 'आधार कार्डावर आहे तसे पूर्ण नाव' असा एकच रुंद रकाना बहुतेक कामांना पुरतो.

'चूक काय आहे, तेच कळत नाही'

'अवैध इनपुट', 'काहीतरी चुकले', 'एरर ५००' ही वाक्ये वाचून कोणाचीही चूक दुरुस्त झालेली नाही. सूचनेने तीन गोष्टी सांगाव्यात: कोणता रकाना, त्यात काय खटकले आणि आता काय करावे. 'मोबाइल क्रमांक १० अंकी हवा; आपण ९ अंक लिहिले आहेत' हे वाक्य लिहायला जास्त वेळ लागत नाही. सूचना त्या रकान्याच्या लगत दिसावी, पानाच्या माथ्यावर नव्हे, आणि रकान्याची कड केवळ लाल करून थांबू नये, कारण लाल-हिरव्यातील भेद न दिसणारी माणसे असतात आणि भर उन्हात फोन धरलेल्यांना तो कोणालाच धड दिसत नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, ही वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतील अट त्यासाठीच आहे. एक रकाना चुकला म्हणून बाकीचे वीस पुसून टाकणाऱ्या फॉर्मविषयी सभ्य मराठीत लिहिणे कठीण आहे.

भाषांतराने होणारी हानी वेगळीच. 'अर्ज रद्द करायचा आहे का?' असे विचारून खाली 'ठीक आहे' आणि 'रद्द करा' अशी दोन बटणे देणारी खिडकी हे याचे नमुनेदार उदाहरण होय. इंग्रजी 'कॅन्सल'चे यांत्रिक भाषांतर झाल्यामुळे मागे फिरण्याचे बटणच अर्ज रद्द करण्याचे बटण वाटते. बटणावर पूर्ण क्रिया लिहावी: 'होय, अर्ज रद्द करा' आणि 'नको, अर्ज तसाच राहू द्या'.

मराठी मजकूर चढवल्यावर ओळींची उंचीही तपासावी. रोमन लिपीच्या मापाने बेतलेल्या ओळीत वरची रफार आणि खालचे उकार कापले जातात, आणि अक्षरांत जादा अंतर दिल्यास शिरोरेषा तुटून शब्द दात पडल्यासारखे दिसतात.

'भलतेच बटण दाबले गेले'

लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका त्यावर पोहोचण्यास वेळ लागतो, हे मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडले; घाई केली की नेम चुकतो, हे आपल्याला कॅरमवरूनही ठाऊक आहे. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार स्पर्शाची जागा सुमारे ९ मिलिमीटर असावी. 'सादर करा'च्या शेजारी त्याच आकाराचे 'सर्व पुसा' हे बटण कशासाठी असते, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही. ते काढून टाकावे.

जन्मतारखेसाठी आजच्या महिन्यावर उघडणारे कॅलेंडर देणे हीदेखील अशीच सवयीची चूक आहे. महिन्यामागे एक बाण दाबत गेल्यास साठ वर्षांच्या व्यक्तीला ७२० वेळा बोट टेकवावे लागते. दिवस, महिना आणि वर्ष असे तीन साधे रकाने द्यावेत आणि महिना नावाने दाखवावा, म्हणजे ०३/०४ हा मार्च की एप्रिल हा प्रश्नच उरत नाही.

चाचणी कशी घ्यावी

फॉर्म तयार करणाऱ्याच्या टेबलावर तो नेहमीच चालतो. चाचणीसाठी मोठा खर्च लागतो, असाही गैरसमज आहे. पाच माणसांसोबत केलेल्या छोट्या चाचण्या पुन्हा पुन्हा कराव्यात, असा सल्ला वेबसाइटच्या वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली दिला होता, आणि पाच हा आकडा पुरेसा आहे की नाही यावर अभ्यासकांत वाद असला तरी शून्यापेक्षा पाच केव्हाही बरे. ही माणसे कार्यालयातील नसावीत. फोन त्यांचाच असावा, कीबोर्ड मराठीवर असावा, आणि निदान एकाचे आडनाव गोऱ्हे असावे. काम सांगावे, मार्ग सांगू नये आणि त्यानंतर गप्प बसावे. हे गप्प बसणे फार जड जाते. समोरचा माणूस चुकीच्या जागी बोट नेऊ लागला की आपला हात आपोआप 'अहो काका, इकडे' म्हणत पुढे सरसावतो. त्या वेळी हात आवरावा, आणि ज्या जागी तो उचलला गेला, ती जागा वहीत टिपून घ्यावी.