कूलर बदलल्यावर रॅम दिसेनाशी झाली? नवी रॅम घेण्याआधी हे करा

पीसी उघडून धूळ काढली, प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी जुनी वाळलेली पेस्ट पुसली, नवा कूलर बसवला आणि चालू केल्यावर १६ जीबीच्या जागी ८ जीबीच दिसतेय. किंवा डिस्प्लेच येत नाही, मदरबोर्डावरचा ‘डीरॅम’चा, म्हणजे रॅमची अडचण दाखवणारा, दिवा तेवढा पेटून राहिलाय. अशा वेळी दहापैकी नऊ जण सांगतात, “रॅम गेली, नवी टाका.” हे ऐकून लगेच लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार गाठू नका. कालपर्यंत नीट चालणारी रॅम कूलर बदलल्यामुळे सहसा जात नाही. हात कूलरला लागलाय, तर शोधही कूलरच्या आसपासच घ्यायचा.

कारण साधं आहे. रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर आता प्रोसेसरच्या पोटातच असतो. एएमडीने तो २००३ च्या ॲथलॉन ६४ पासून आत घेतला, इंटेलने २००८ च्या पहिल्या कोअर आय७ पासून. त्याआधी तो बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये असायचा. तेव्हा कूलर आणि रॅम यांचा फारसा संबंध नव्हता, आणि जुन्या वळणाचे बरेच कारागीर आजही त्याच हिशेबाने फक्त रॅम आणि ती बसते तो स्लॉट बघतात. आज स्लॉटकडून निघालेल्या रेषा थेट प्रोसेसर बसतो त्या सॉकेटपर्यंत जातात. त्यातल्या एखाद-दोन पिनांचा संपर्क सुटला की तेवढंच चॅनेल, म्हणजे त्या स्लॉटांचा प्रोसेसरकडे जाणारा रस्ता, बंद पडतं. बाकी मशीन व्यवस्थित चालतं, म्हणून प्रोसेसरवर कुणाला संशय येत नाही.

आधी बायोसमध्ये बघा

विंडोज काय दाखवतंय ते नंतर. चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, जा. तिथे कोणत्या स्लॉटमध्ये किती रॅम आहे ते दिसतं. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बायोसमध्ये पूर्ण १६ दिसत असेल आणि फक्त विंडोजमध्ये कमी, तर पेचकस हातात घ्यायची गरज नाही. विंडोजच्या सर्चमधून ‘एमएसकॉन्फिग’ उघडा, बूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि ‘मॅक्सिमम मेमरी’वर टिक असेल तर काढा. मशीन वेगवान करण्याच्या कुठल्यातरी व्हिडिओच्या नादाने ती टिक लावलेली असते.

बायोसमध्येही कमी दिसत असेल तर पुढे चला.

रॅम काढून पुन्हा बसवा

भिंतीवरचं बटण बंद, वायर काढलेली, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून घेतलेला. मग रॅम काढा. बऱ्याच बोर्डांवर स्लॉटला एकाच टोकाला खटका असतो. तो बसल्याचा आवाज आला की आपल्याला वाटतं रॅम बसली, पण दुसरं टोक केसभर वर राहिलेलं असतं. दोन्ही टोकं अंगठ्याने वेगवेगळी दाबा आणि बाजूने डोळा लावून बघा: सोनेरी पट्टी दोन्हीकडे सारखीच आत गेलेली दिसली पाहिजे. रॅमच्या दोनच स्टिक असतील तर चार स्लॉटच्या बोर्डावर त्या साधारणपणे प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. बोर्डाच्या पुस्तिकेत बघून खात्री करून घ्या. मोठा टॉवर कूलर घेतला असेल तर त्याचा पंखा रॅमवर टेकून तिला तिरकी तर करत नाही ना, हेही इथेच बघा.

आता खोडरबर. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो, आणि खोडरबर घासल्यावर मशीन चालू झाल्याचे किस्से घरोघरी ऐकायला मिळतात. उपाय खोटा नाही, पण घासून घासून पट्टीवरचा पातळ मुलामा जातो. शिवाय रबराचे कण स्लॉटमध्ये गेले की नवं दुखणं. मी आधी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती, धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन पुसतो. तेवढ्याने भागलं नाही तरच मऊ पांढरं खोडरबर, तेही हलक्या हाताने, बोर्डापासून दूर, आणि नंतर पुन्हा अल्कोहोल. हँड सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी असतं आणि बहुतेकदा ग्लिसरीनही. पेट्रोल, थिनर, सेंट, पॉलिश पेपर यांतलं काहीही जवळ आणू नका. स्लॉटमध्ये फक्त ब्लोअरची हवा किंवा कोरडा मऊ ब्रश. सुई-टाचणी अजिबात नाही.

एकेक स्टिक, एकेक स्लॉट

एकच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून चालू करा. मग तिच्या जागी दुसरी. दोन्ही चालल्या तर रॅम ठीक आहे, हा विषय संपला. आता त्याच दोन्ही स्टिक एकेक करून चौथ्या स्लॉटमध्ये लावा. दुसऱ्या स्लॉटमध्ये दोन्ही चालतात आणि चौथ्यात एकही नाही, असं दिसलं तर दोष त्या बाजूच्या चॅनेलमध्ये आहे. मग तिसरा स्लॉटही तपासा, तो त्याच चॅनेलचा असतो. तिसरा-चौथा दोन्ही मुके असतील तर दोन स्लॉट एकदम खराब होणं अवघड आहे. शंका आता सॉकेटवर घ्यायची.

त्याआधी बायोस रीसेट करून घ्या: वीज काढून, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर. विंडोज ११ असेल तर बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीची, रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, रीसेटनंतर ती मागितली जाऊ शकते. रॅम डीडीआर५ प्रकारची असेल तर रीसेटनंतर पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहते, कारण बोर्ड रॅमची जुळणी नव्याने करत असतो. निदान दहा मिनिटं थांबा. या वेळात घाबरून बटण दाबणारे लोक तेच चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

कूलरचा दाब: सगळी मेख इथे आहे

हा टप्पा मलाही सुरुवातीला फार जड गेला, कारण याबद्दल कुणी नीट सांगतच नाही. पेस्ट वाटाण्याएवढी लावायची की फुलीसारखी, यावर तासन्‌तास चर्चा चालते. स्क्रू कसे आवळायचे यावर एक ओळ नसते.

कूलर प्रोसेसरवर सपाट बसला नाही तर एक कोपरा जास्त दाबला जातो आणि समोरचा उचलला जातो. उचललेल्या बाजूच्या पिना सॉकेटला जेमतेम टेकतात. बोर्डही किंचित वाकतो, आणि तो वाक रॅमच्या स्लॉटपर्यंत पोहोचू शकतो. प्रोसेसरचं तापमान मात्र ठीक दिसतं, त्यामुळे कूलर नीट बसलाय असं आपण धरून चालतो.

गेल्या पावसाळ्यात मुलुंडला एका मैत्रिणीच्या मुलाचं एएमडी रायझन प्रोसेसरचं मशीन असंच अडलं होतं. कूलर बदलून दिलेल्या दुकानाने रॅम गेल्याचं सांगून नवी स्टिक विकली होती. नवी स्टिकही दिसत नव्हती, तेव्हा बोर्ड बदलायचं बोलणं सुरू झालं. मी टॉर्च आडवा धरून कूलरच्या चार स्क्रूंच्या स्प्रिंगा पाहिल्या. रॅमकडच्या वरच्या कोपऱ्यातली स्प्रिंग पार चेपून वेढे एकमेकांना टेकले होते, आणि तिच्या तिरक्या समोरच्या स्प्रिंगमधून पलीकडचा बोर्ड दिसत होता. चारही स्क्रू सैल केले, फुलीच्या क्रमाने पुन्हा आवळले, चारही स्प्रिंगा सारख्या दबल्या. जुनी स्टिक चौथ्या स्लॉटमध्ये दिसायला लागली. नवी स्टिक दुकानाने परत घेतली नाही.

तुम्हीही हेच करा. वीज बंद असताना चारही स्क्रू आधी अर्धा-अर्धा फेरा सैल करा, मशीन चालू करून फक्त बायोसपर्यंत जा आणि रॅम बघा. एवढ्या वेळात प्रोसेसरला काही होत नाही. कूलर पूर्ण काढून मात्र कधीही चालू करू नका. रॅम दिसली तर दोष सापडला. मग कूलर उचला, पेस्ट पुसून नवी लावा आणि नव्याने बसवा. गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसं, समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने: आधी चारही नुसते धरतील एवढेच, मग प्रत्येकाला अर्धा फेरा, पुन्हा अर्धा. एक स्क्रू शेवटपर्यंत आवळून मग दुसऱ्याला हात लावणं, हे या सगळ्या त्रासाचं मूळ आहे. स्क्रूला थांबा आला की थांबा. जास्त घट्ट केल्याने जास्त गार होतं, ही समजूत डोक्यातून काढून टाका.

इंटेलच्या साध्या कूलरला स्क्रूऐवजी प्लास्टिकचे चार खटके असतात. कॅबिनेटमधून बोर्ड न काढता ते बसवले की एखादा हमखास अर्धवट राहतो आणि कूलर एका बाजूला कलतो. बोर्डाच्या मागून बघा: चारही ठिकाणी पांढरी टोकं फाकलेली आणि मधली काळी कांडी पूर्ण खाली आलेली दिसली पाहिजे. एखादं टोक फुटलं असेल तर तो कूलर वापरू नका. आणि इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर कुणी प्रोसेसर दाबून धरणाऱ्या मूळ पकडीऐवजी काँटॅक्ट फ्रेम नावाची वेगळी चौकट बसवली असेल तर तिचे स्क्रूही तपासा. ती जास्त आवळली गेली की रॅम न दिसणं हे नेहमीचं लक्षण आहे.

प्रोसेसर कूलरसोबत उपटून आला होता का?

एएम४ सॉकेटच्या रायझनमध्ये हे सर्रास होतं. पेस्ट वाळून चिकटते, आपण कूलर सरळ वर ओढतो, आणि लिव्हर बंद असूनही प्रोसेसर त्याच्याबरोबर बाहेर येतो. त्याच्या पोटाला १,३३१ पिना असतात. असं झालं असेल तर प्रोसेसर काढून डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरा आणि पिनांच्या रांगा चारही बाजूंनी न्याहाळा. रांग मध्येच मोडलेली दिसली की ती पिन वाकलेली. शिसं काढलेल्या पेन्सिलचं, म्हणजे ०.५ किंवा ०.७ च्या यांत्रिक पेन्सिलचं, रिकामं टोक तिच्यावर बसवून अगदी थोडं थोडं सरळ करा. एका झटक्यात नाही. पिनांमध्ये पेस्ट गेली असेल तर अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश. परत बसवताना कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळला की प्रोसेसर आपल्या वजनाने खाली बसतो. दाबायला लागत असेल तर काहीतरी चुकतंय. पुढच्या वेळी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून पेस्ट गरम करा, मग बंद करून कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवा आणि सुटल्याची खात्री झाल्यावरच उचला.

इंटेल आणि एएमडीच्या त्यानंतरच्या एएम५ मध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात आणि केसासारख्या बारीक असतात. तिथे कापड किंवा कापसाची काडी लावायचीच नाही, एक धागा अडकला तरी पिना वाकतात. प्रोसेसरची खालची बाजू अल्कोहोलने पुसायला हरकत नाही. सॉकेटमध्ये पिन वाकलेली दिसली तर तसाच फोटो काढा आणि सूक्ष्मदर्शकाखाली काम करणाऱ्या चिप-लेव्हल दुरुस्तीवाल्याकडे न्या. लॅमिंग्टन रोडला असे लोक आहेत. तिथे “रॅम दिसत नाही” एवढंच सांगितलंत तर पुन्हा रॅमच बदलली जाईल. “दोन्ही स्टिक पहिल्या चॅनेलवर चालतात, दुसऱ्या चॅनेलवर एकही नाही, कूलर नुकताच बदललाय, सॉकेटच्या पिना तपासा,” असं सांगा आणि बायोसचा फोटो दाखवा.

सगळी रॅम परत दिसायला लागली तरी लगेच एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारी बायोसमधली सेटिंग, चालू करू नका. आधी मूळ वेगावर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावा. एकही चूक आली नाही तर वेग वाढवा आणि पुन्हा चाचणी घ्या. वाढवल्यावरच चुका येत असतील तर दाब अजून सारखा नसण्याची शक्यता आहे, कूलर पुन्हा एकदा सैल करून बसवा. आणि नवी स्टिक आधीच आणली असेल तर तिचं पाकीट आणि बिल हे सगळं संपेपर्यंत जपून ठेवा.