हिवाळ्यात खुराड्यात दिवा लावताय? या चुका टाळा

दिवाळी सरली की खानदेशातल्या शिरपूर-चोपडा पट्ट्यात हा प्रश्न हमखास कानावर येतो: "दादा, लाइट लायेल शे, तरी आंडा का नहीत?" (दिवा लावलाय, तरी अंडी का नाहीत?) बल्ब टांगला की अंडी सुरू, अशी समजूत पक्की बसली आहे. दिव्याचा उपयोग नक्की होतो. पण तो कशासाठी, कोणत्या कोंबडीसाठी आणि किती वाजता, हे न ठरवता लावला तर बिल तेवढं वाढतं आणि कधी कधी कोंबडीचंच नुकसान होतं.

उबेसाठी दिवा लावणं

सगळा घोळ इथून सुरू होतो. हिवाळ्यात अंडी घटतात ती मुख्यतः दिवस लहान झाल्यामुळे, थंडीमुळे नव्हे. कोंबडीला उजेड नुसता डोळ्यांनी कळत नाही. तो कवटीतूनही आत पोहोचतो, मेंदू त्याची नोंद घेतो आणि अंडाशयाला इशारा जातो. नियमित अंडी द्यायला तिला रोज 14 ते 16 तास उजेड लागतो. आपल्या जळगाव-धुळ्याकडे 21-22 डिसेंबरला दिवस जेमतेम 10 तास 50 मिनिटांचा असतो. जूनच्या अखेरीस तोच 13 तास 20 मिनिटांच्या पुढे जातो. कोंबडीचं पंचांग या फरकावर चालतं.

थंडीचं म्हणाल तर अंगभर पिसं असलेली कोंबडी आपल्याकडची 8-10 अंशांची पहाट सहज काढते. फक्त ती कोरडी हवी आणि अंगावर थेट वारा नको. ऊब लागते ती पिलांना: पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश, पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी. पिलं बल्बखाली एकमेकांवर चढून दाटी करत असतील तर त्यांना थंडी वाजतेय. कडेला पांगून चोची उघड्या टाकून बसली असतील तर बल्ब वर घ्या.

मोठ्या कोंबड्यांसाठी तापणारा बल्ब किंवा शेगडी खुराड्यात ठेवू नका, हे मी हात जोडून सांगतो. भिंतीचा कूड पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, वर कडबा, खाली वाळलेला भुसा. एक ठिणगी पुरते. बंद जागेत कोळशाच्या धुराने पक्षी गुदमरतात ते वेगळंच.

ताडपत्रीने खुराडं गच्च बंद करणं

थंडीच्या धास्तीने चारही बाजू बांधल्या की विष्ठेचा अमोनिया आतच कोंडतो. सकाळी आत डोकं घालून बघा. तुमचे डोळे चुरचुरले तर कोंबड्यांनी रात्रभर काय सोसलं असेल याचा विचार करा. वाऱ्याच्या बाजूला बारदान लावा, पण छपराखाली वीतभर जागा उघडी राहू द्या. खालची गादी, मग ती शेंगांच्या टरफलांची असो, लाकडी भुशाची असो की नवापूरकडच्या भाताच्या तुसाची, कोरडी ठेवा आणि अधूनमधून हलवा.

रात्रभर किंवा मनाला येईल तेव्हा दिवा

कोंबडीला किमान आठ तास गडद अंधार हवाच. रात्रभर उजेडात ठेवलेल्या कोंबड्या चिडचिड्या होतात, एकमेकींची पिसं उपटतात, चोची मारून रक्त काढतात. 16 तासांपलीकडे जाण्यात काही फायदा नाही.

वाढीव उजेड संध्याकाळी देण्यापेक्षा पहाटे द्यावा. रात्री दहाला बटण बंद केलं की सगळ्या जणी एकदम अंधारात सापडतात. दांडीवर चढायचं राहून जातं, मग त्या कोपऱ्यात ढीग करून बसतात. पहाटेचा दिवा मात्र हळूच सूर्याच्या हाती कारभार देतो. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या थोडा आधी मावळतो. म्हणजे पहाटे चारला दिवा लागला की 14 तास भरले. पण पहिल्याच दिवशी चारला लावू नका. दर आठवड्याला अर्धा तास मागे या.

आपल्याकडे खरी अडचण विजेची. शेतातल्या फीडरवर, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीवर, वीज बऱ्याच ठिकाणी कधी दिवसा तर कधी रात्री. त्यावर खुराड्याचा दिवा जोडला की कोंबडीला आज 14 तास, उद्या 11. सवयीचा झालेला उजेड असा अचानक तुटला तर अंडी थांबतात, पिसंही झडू लागतात. शेतात खुराडं असेल तर छोटं सोलर पॅनेल, बॅटरी आणि टायमर लावा, नाहीतर दिव्याच्या भानगडीत पडू नका. बेभरवशाच्या दिव्यापेक्षा दिवा नसलेला बरा.

उजेड फार नको. शंभर चौरस फुटांना पिवळसर उजेडाचा 5 वॅटचा एलईडी पुरतो. कोंबडीच्या उंचीवर पेपर वाचता आला म्हणजे झालं. बल्बवरची धूळ आठवड्याला पुसा. आणि पहाटे दिवा लागेल तेव्हा खाद्य-पाणी समोर असू द्या. चारला उठवून आठला दाणे टाकले तर त्या एकमेकींनाच टोचतील.

तलंगांना दिवा

तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. अंडी सुरू व्हायच्या वयाच्या आधी उजेड वाढवला तर ती घाईने अंड्यावर येते. शरीर भरलेलं नसतं, अंडी बारीक येतात, कधी आतला भाग बाहेर पडतो आणि पक्षी हातचा जातो. तलंगा वेगळ्या ठेवा, त्यांना सूर्याचा उजेड पुरे.

दोष दुसरीकडे, उपाय दिव्यावर

घरची दहा-पंधरा गावरान असेल तर माझं स्पष्ट मत: दिवा नको. गावरान मुळात वर्षाला थोडीच अंडी देते, मध्ये खुडूक बसते (अंडी थांबवून उबवायला बसते), आणि ती तिची रीत आहे. दिव्याचा पैसा वसूल होतो तो आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड), ग्रामप्रियासारख्या अंड्यांच्या जातींत.

पिसं झडत असतील तर ती विश्रांती घेतेय, घेऊ द्या. खाद्यात नुसती बाजरी आणि दादर (रब्बी ज्वारी) असेल तर दिवा काय करणार? अंड्यावरच्या कोंबडीला 16-18 टक्के प्रथिनं आणि शिंपल्याचा चुरा लागतो. आपण कापूसवाले, म्हणून सहज सरकीची पेंड टाकतो. तिच्यातल्या गॉसिपॉल या घटकामुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो आणि गिऱ्हाईक अंडी परत आणतं. प्रथिनांसाठी सोयाबीनची किंवा शेंगदाण्याची पेंड घ्या.

अंडी दोन-चार दिवसांत एकदम बंद झाली, सोबत हिरवी हगवण, माना वाकड्या किंवा मरतुक दिसली, तर तो दिव्याचा प्रश्न नाही. मानमोडी (राणीखेत रोग) असू शकते. 2006 आणि 2021 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तोही फेब्रुवारीतच, हे विसरू नका. पक्षी विकू नका, कापू नका, मेलेले हलवू नका, आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

संक्रांतीनंतर दिवा काढून टाकणं

एकूण 14 तास तसेच ठेवायचे. दिवस वाढेल तितका दिवा पहाटे उशिरा लावायचा. मे महिन्यात भुसावळ-जळगाव 44-45 अंशांवर तापतं तेव्हा दुपारी कोंबडी खाद्याला तोंड लावत नाही. त्या दिवसांत पहाटेचा हा अर्धा-पाऊण तास तिला गारव्यात पोटभर खाऊ देतो.