फिल्टर कॉफी घरी जमत नाहीये? मग या चुका टाळा

हौसेने स्टीलचा फिल्टर आणला, म्हणजे वर भोकांचं भांडं आणि खाली साधं, रात्री वरच्यात पावडर भरली, गरम पाणी ओतलं आणि झोपले. सकाळी बघते तर खाली जेमतेम चमचाभर डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा कडक अर्क, आणि वर नुसता चिखल. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी शेजारच्या मामींना हाक मारली, त्या माटुंग्यात वाढलेल्या, कॉफीशिवाय त्यांचा दिवस उजाडत नाही. त्यांनी वरचं भांडं फडक्याने धरून जरासं फिरवलं, सैल केलं, आणि आतून टप... टप... सुरू! मी दोन्ही भांडी इतकी दाबून बसवली होती की खालची हवा बाहेर पडायला जागाच नव्हती, मग कॉफी उतरणार कुठून. तर पहिली चूक ही. भांडं बसवा पण ठोकून बसवू नका.

पण मग चिखल कशाचा? तो मिक्सरचा. मी बिया आणून घरीच फिरवल्या होत्या आणि जितकं बारीक तितकं कडक असं मला वाटायचं. मामींनी चिमटीत पावडर घेऊन चोळली आणि म्हणाल्या, "अगं हा तर मैदा झालाय, बारीक रवा लागायला पाहिजे हाताला." मिक्सरमध्ये अर्धं पीठ होतं आणि अर्धं जाडं राहतं, पीठ भोकांत जाऊन बसतं आणि जाड्या कणांतून पाणी नुसतं पळून जातं. त्यापेक्षा दुकानातून दळून आणा आणि 'फिल्टरसाठी' असं स्पष्ट सांगा.

मैद्यासारखी पावडर चूकच असते असंही नाही बरं का, फक्त ती या भांड्याची नाही. तुर्की कॉफीला तशीच लागते. इस्तंबूलमध्ये १५५० च्या दशकात कॉफीची दुकानं निघाली, आणि तुर्की पद्धत म्हणजे लांब दांडीच्या छोट्या भांड्यात पावडर पाण्यातच गरम करायची, फेस वर आला की उतरवायची, गाळायचं वगैरे काही नाही, गाळ तळाशी बसू द्यायचा आणि वरची प्यायची. युरोपात हळूहळू लोकांना तो तोंडात येणारा गाळ नकोसा झाला. जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने तर मुलाच्या वहीतला टीपकागद काढून भोकं पाडलेल्या भांड्यात घातला आणि त्यातून कॉफी गाळली, १९०८ साली त्याची नोंदणीही केली. कागदी फिल्टर आला तो असा. गॅसवर वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणारा मोका पॉट १९३३ चा, त्याचं दळण आणखी वेगळं. म्हणजे भांडं बदललं की दळण बदलायचं, आपण मात्र एकच पुडी सगळ्यात घालतो आणि मग म्हणतो कॉफी कडू झाली.

तिसरी चूक म्हणजे दांडीवाली चकती जोर लावून दाबणं. तिचं काम एवढंच की पाणी ओतताना पावडर उसळू नये. पावडर सपाट करा, चकती हलकेच ठेवा आणि आधी थोडंसं पाणी घालून अर्धा-एक मिनिट थांबा, पावडर फुगते, मग बाकीचं ओता. पाणीही खदखदतं नको, उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट जाऊ दे. दोन-तीन कपांना तीन मोठे चमचे पावडर आणि साधारण दीडशे मिली पाणी, मला हेच प्रमाण जमलं.

कॉफी पावडरीत मिसळतात त्या चिकोरीचं म्हणाल तर ती काही भेसळ नाही, एक मूळ भाजून दळतात. नेपोलियनने १८०६ मध्ये ब्रिटिश व्यापाराची नाकेबंदी केल्यावर फ्रान्समध्ये कॉफीचा तुटवडा झाला आणि तिचा वापर वाढला. चिकोरीत कॅफिन नसतं, पण रंग आणि दाटपणा भरपूर. पाकिटावर टक्केवारी छापलेली असते ती वाचा. मी आधी न बघता चाळीस टक्केवाली आणली आणि दाट दिसतंय म्हणून खूश झाले, चव गोडसर आणि किक शून्य! आता ऐंशी टक्के कॉफी, वीस टक्के चिकोरी.

आणि इन्स्टंट पावडर फिल्टरमध्ये घालणारेही आहेत, हसू नका, माझ्या मावसबहिणीने केलंय. इन्स्टंट म्हणजे आधीच काढून वाळवलेली कॉफी, ती विरघळून सगळीच्या सगळी खाली येते, त्यात गाळायचं काय? ती सरळ गरम दुधात टाका.

आपल्याकडे सगळ्यात जास्त होणारी चूक मात्र चहाच्या सवयीची. डिकॉक्शन दुधात घालून पुन्हा उकळायचं. सुगंध उडून जातो आणि उरतो तो कडूपणा. दूध वेगळं कडकडीत तापवा, त्यात डिकॉक्शन ओता, एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून दोन-तीनदा, झालं. बाबा बुदन या सुफी संतांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या अशी आख्यायिका आहे, एवढ्या खटपटीने आलेली गोष्ट आपण पातेल्यात दहा मिनिटं रटरटवतो!

पावसाळ्यात पावडर दमट होते आणि गोळे धरते, मग उतरत नाही. थोडी थोडी आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ओला चमचा अजिबात नको. एवढं करूनही अडकलं तर भोकं बघा. वरचं भांडं उजेडाकडे धरा, जिथून उजेड दिसत नाही ती बुजलेली. जुन्या टूथब्रशने घासा, तरी नाही निघालं तर ते रिकामं स्टीलचं भांडं चिमट्यात धरून मिनिटभर गॅसवर तापवा, आत अडकलेली पावडर जळते, गार झाल्यावर आपटलं की पडते.

जायफळाचं विचाराल तर माझ्या आईच्या दुधाळ कॉफीत ते हवंच, त्याशिवाय ती कॉफी वाटतच नाही. फक्त फिल्टरमध्ये नका किसू, दुधात किसा. मामींना मात्र अजून सांगितलेलं नाही.