शून्य पोती म्हणजे रिकामा रकाना नव्हे

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीचा हिशेब वेबवर घेताय? मग फॉर्ममधला आकडा सर्व्हरवर स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून येतो, हे धरूनच चाला. रकाना भरलाय का ते तपासा, स्ट्रिंगचा आकडा करा, मगच बेरीज. शिल्लक शून्य भरली, की पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतलं 'एम्प्टी' (रिकामं आहे का ते तपासणारी सोय) रकाना रिकामा समजतं आणि खरी नोंद गळते. पायथन, जावास्क्रिप्ट या भाषांमध्ये शून्याची तीच स्ट्रिंग अट तपासताना 'खरी', म्हणजे भरलेली, ठरते. रूबीत तर शून्य हा आकडासुद्धा खराच. जावास्क्रिप्ट सगळ्यांत फसवं: ५० पोत्यांच्या स्ट्रिंगमध्ये ५ मिळवले की ५०५ होतात, वजा केले तर मात्र बरोबर ४५! पीएचपी ५५ देतं. पायथन बेरीज न करता एरर देऊन थांबतं, आणि पैशाच्या हिशेबात मला तेच हवं असतं.