क्लब काढायच्या आधी जमीन बघा : बेळगावकडच्या नवीन गोल्फवाल्यांसाठी

बेळगावात गोल्फ शिकायला लागलेल्या बहुतेकांचं डोकं दोनच गोष्टींत अडकलेलं असतं, स्विंग (मारायचा झोका) आणि क्लब (मारायची काठी). ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) कुठला घेऊ, जुना सेट गोव्यात कुणाकडं मिळेल काय, व्हिडिओतला तो माणूस कोपर असं का ठेवतोय. करा की, नको कोण म्हणतंय. पण बॉल शेवटी जमिनीवर पडतो आणि ती जमीन कुणीतरी डोकं लावून बनवलेली असते, वर कुणीतरी रोज पहाटे उठून तिच्यावरचं गवत कापत असतो, आणि या दोघांनी मिळून तुमचे कितीतरी शॉट आधीच ठरवून ठेवलेले असतात. म्हणून इथं स्विंगबद्दल एक अक्षर नाही. कोर्सवर उभं राहिल्यावर काय बघायचं आणि बघून काय करायचं, तेवढंच लिहितो.

पहिल्यांदा टी वर, म्हणजे जिथून पहिला शॉट मारतात तिथं. टी वर गेलात की लगेच टी पेग (बॉल ठेवायची खुंटी) रोवू नका, आधी झेंडा कुठल्या बाजूला आहे ते बघा आणि ग्रीनच्या (झेंडा असलेल्या, बारीक कापलेल्या गवताच्या जागेच्या) पुढं बंकर (वाळूचा खड्डा) कुठं आहे ते बघा. झेंडा उजवीकडं आणि बंकरपण उजवीकडं असेल तर फेअरवेच्या (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) डाव्या अंगावरून ग्रीन मोकळं दिसणार, म्हणजे पहिला शॉट डावीकडं टाकायचा. कोर्स बनवणारा बहुतेक वेळा ग्रीनपासून उलटा विचार करत येतो, आपणही तसाच करायचा. आणि टी बॉक्सच्या कडेला समांतर उभं राहायची सवय सोडा, बऱ्याच ठिकाणी टी बॉक्सच वाकडा, थेट झाडीकडं तोंड करून असतो, कधी मुद्दाम तर कधी कापून कापून तसा झालेला.

बंकर डोळ्याला फसवतात हे लक्षात ठेवा. ॲलिस्टर मॅकेन्झी म्हणून एक डॉक्टर होता, बोअर युद्धात सैन्याबरोबर असताना शत्रू जमिनीत कसा लपतो ते त्यानं बघितलं आणि पुढं गोल्फ कोर्स बनवताना तेच डोकं वापरलं. अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल हे कोर्स त्यानं बॉबी जोन्स या नावाजलेल्या गोल्फरबरोबर बनवलं, १९३३ मध्ये सुरू झालं. त्याच्यासारख्यांची एक आवडती खोडी म्हणजे बंकर ग्रीनच्या बराच अलीकडं ठेवायचा पण त्याची वरची कड अशी उचलायची की लांबून तो ग्रीनला चिकटलेलाच वाटावा. मग आपल्याला वाटतं अंतर कमी आहे, आपण एक क्लब लहान (म्हणजे कमी लांब मारणारा) घेतो आणि बॉल मधल्या मोकळ्या जागेत पडतो. याच्यावर उपाय सोपा आहे, एकदा होल (टी पासून ग्रीनपर्यंतचा एक टप्पा) संपला की ग्रीनवरून मागं वळून टी कडं बघा. पुढून भीती घालणारे बंकर मागून दिसतच नाहीत, कारण त्यांचं तोंड खेळणाऱ्याकडं केलेलं असतं, आणि बंकर ते ग्रीन मधली खरी जागा उघडी पडते. ती पावलं मोजून ठेवा, पुढच्या वेळी कामाला येतात.

भीती घालणं हेपण डिझाईनच. अमेरिकेत फ्लोरिडात टीपीसी सॉग्रास या कोर्सचा १७ वा होल आहे, पाण्याच्या मधोमध ग्रीन, अंतर जेमतेम १३७ यार्ड. तोच शॉट प्रॅक्टिस रेंजवर कुणीपण मारेल. आपल्याकडं तसं बेट नसेल, पण डावीकडं नाला आणि उजवीकडं रान असलं की हात आखडतातच. अशा वेळी कुठं मारायचं नाही याचा विचार सोडून कुठं चुकलं तर चालेल ते ठरवा. जवळजवळ प्रत्येक होलला चुकायची एक बाजू सोडलेली असते.

आता पाणी आणि माती, हे आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचं. बेळगाव साधारण अडीच हजार फुटांवर, त्यामुळं हवा थोडी विरळ आणि बॉल समुद्रकाठच्यापेक्षा थोडा लांब जातो, दीडशे यार्डाच्या शॉटला चारेक यार्डांचा फरक धरा. पण हा फरक पावसापुढं काहीच नाही. खानापूर-जांबोटीकडं तांबडी जांभ्याची माती, पाणी त्यातून बऱ्यापैकी खाली जातं, आणि बैलहोंगल-सौंदत्तीकडं गेलात की काळी माती, ती पाणी धरून ठेवते, फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. कोर्स बनवणाऱ्याचं निम्मं काम म्हणजे हे पाणी काढणं. आपल्याकडं भाताच्या शेतात बांध घालून पाणी तुंबवायचं कसब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, फेअरवेवर बरोबर त्याच्या उलटं करायचं असतं, उतार द्यायचा, चर काढायचे, पाईप पुरायचे. त्यामुळं पाऊस उघडल्या उघडल्या एक चक्कर मारा. पाणी कुठून कुठं चाललंय ते दिसतं, आणि बॉलपण कोरड्या दिवसांत साधारण तिकडंच ओढला जातो.

जून ते सप्टेंबर बॉल पडला तिथंच बसतो, गडगडणं विसरा, हवेतून जेवढं जाईल तेवढंच तुमचं. म्हणून एक क्लब मोठा. या दिवसांत नियम माहीत असणं म्हणजे फुकटचे शॉट वाचवणं. फेअरवेवर किंवा रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) बॉल स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तर दंड न घेता बाहेर काढून ड्रॉप करता (हातातून खाली सोडता) येतो, बंकरमध्ये मात्र नाही. साचलेल्या पाण्यात बॉल असेल किंवा उभं राहिल्यावर पायाशी पाणी वर आलं तर जवळची कोरडी जागा धरून एक क्लब लांबीत, होलच्या (झेंड्याच्या भोकाच्या) जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप. नुसता चिखल आहे म्हणून मिळत नाही हां, पाणी डोळ्याला दिसायला पाहिजे. आणि फेअरवेवर बॉल उचलून पुसून ठेवायची सवलत ही कमिटीनं त्या दिवशी जाहीर केली तरच, आपल्या मनानं पुसत बसायचं नाही.

मार्च ते मे सगळं उलटं. जमीन टणक, बॉल पडला की पळतो, मग ग्रीनच्या अलीकडं टाकून गडगडत न्यायचा. लोक म्हणतात कोर्स वाळला, खराब झाला. माझं मत विचाराल तर टीव्हीवर ऑगस्टा बघून बघून आपल्याला हिरव्याचं वेड लागलंय. स्कॉटलंडमध्ये जिथं हा खेळ वाढला तिथले समुद्रकाठचे कोर्स कोरड्या उन्हाळ्यात पिवळे-तपकिरी पडतात आणि खेळायला तेव्हाच सगळ्यात भारी असतात. आणि मे महिन्यात गल्लीत टँकरची वाट बघायलेत लोक, तिथं फेअरवे हिरवागार दिसावा म्हणून हट्ट धरणं बरं दिसत नाही.

गवताकडं येऊ. शेतकरी ज्या हरळीला शिव्या घालत कुदळीनं उपटतो, गणपतीला ज्याच्या दुर्वा वाहतो, तेच हे गवत. जगभर त्याला बर्म्युडा म्हणतात, आणि उष्ण देशांतले बहुतेक कोर्स त्याच्याच सुधारलेल्या जातींवर चालतात. अमेरिकेतल्या जॉर्जियात टिफ्टन गाव आहे, तिथल्या संशोधन केंद्रातून आलेल्या टिफवे, टिफड्वार्फ वगैरे जाती. या संकरित जातींना कामाचं बी येत नाही, कांड्या किंवा चटई लावूनच वाढवतात. शेतात जो त्रास तोच इथं फायदा, वरून आणि जमिनीखालून दोन्हीकडून पसरते, त्यामुळं क्लबनं उडालेला तुकडा स्वतः भरून काढते. पण तिला सावली अजिबात चालत नाही. आंब्याखाली, जांभळाखाली बॉल गेला की गवत विरळ किंवा नुसती माती असणार हे धरूनच चाला, तिथं उभं राहताना बॉल मागच्या पायाकडं येईल असं उभं राहा, उंच उडवायच्या भानगडीत न पडता आधी बॉल मग जमीन असा खालून गडगडणारा शॉट मारा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हरळीची वाढ मंदावते, तेव्हा ही विरळ जागा फेअरवेवरपण दिसायला लागते.

रफ पावसाळ्यात दाट होतो आणि ओलं गवत क्लबच्या गळ्याला गुंडाळतं, मग क्लबचं तोंड बंद होऊन बॉल डावीकडं जातो (उजव्या हातानं खेळणाऱ्यांचा). जास्त लॉफ्टचा (तोंड जास्त तिरकं असलेला) क्लब घ्या, ग्रिप जरा घट्ट, आणि फक्त बाहेर या. उलट थोडंसंच गवत असेल, बॉल अर्धा वर दिसत असेल, तर क्लब आणि बॉलच्या मधे गवत येऊन स्पिन कमी बसतो, बॉल नेहमीपेक्षा लांब जातो आणि थांबत नाही, तिथं एक क्लब लहान. बॉल हरवला तर शोधायला नियम तीनच मिनिटं देतो, २०१९ च्या आधी पाच होती. आपल्याकडं तीन पुरे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बिबट्या बेळगावच्या रेसकोर्स-गोल्फ कोर्सच्या झाडीत शिरला तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवल्या, शिवमोग्ग्याकडच्या सक्रेबैलू कॅम्पातून हत्ती आणून शोधलं, तरी पठ्ठ्या सापडला नाही, तिथं तुमचा बॉल कुठला सापडतोय.

ग्रीनवर मात्र वेळ घालवा, खरी कमाई इथं आहे. चांगलं ग्रीन म्हणजे गवत लावलेली जमीन नसते, खाली रचना असते. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं १९६० मध्ये ती पद्धत छापली आणि आजही जगभर तीच वापरतात, तळाला पाईप, त्यावर साधारण १० सेंटीमीटर खडी, त्यावर ३० सेंटीमीटर वाळूचं मिश्रण. वाळू का, तर माणसं चालून चालून ती दबत नाही आणि जोराचा पाऊस झाला तरी पाणी खाली जातं. आणि गंमत म्हणजे बारीक वाळूतलं पाणी जाड खडीत लगेच उतरत नाही, सीमेवर अडकून राहतं, त्यामुळं मुळांना ओल पण मिळते. जिथं मातीवरच ग्रीन केलंय तिथं पावसाळ्यात ग्रीन मऊ आणि उन्हाळ्यात टणक, फरक मोठा पडतो. आणि आपल्या देशात जुन्या छावण्यांच्या कोर्सवर तर ग्रीनच नसायचं, ब्राऊन असायचं, तेल मिसळलेली वाळू, पट करायच्या (बॉल होलकडं गडगडत मारायच्या) आधी ओढून सपाट करायची. उतार-बितार काही वाचायचं कामच नाही.

ग्रीनवरचं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापतात, आणि अर्ध्या मिलिमीटरनंपण वेग बदलतो. वेग मोजायला स्टिम्पमीटर असतो, ३६ इंचाची, खाच असलेली पट्टी, बॉल ठेवून एक टोक उचलायचं, बॉल सुटून जितके फूट जाईल तो आकडा, दोन्ही दिशांनी मोजून सरासरी काढतात. आठ म्हणजे निवांत, दहा म्हणजे चांगलं फास्ट, बाराच्या पुढं मोठ्या स्पर्धांचं काम. तुमच्याकडं तो नसणार, म्हणून खेळायच्या आधी प्रॅक्टिस ग्रीनवर सपाट जागा शोधा, एकाच मापाचा झोका घेऊन तीन बॉल मारा आणि किती पावलं गेले ते बघा. तोच आजचा तुमचा आकडा. सकाळी दव असेल तर बॉल अडतो, दव वाळलं की तेच ग्रीन पळायला लागतं, म्हणून पहिल्या तीन होलचा अंदाज पुढं नेऊ नका.

उतार डोळ्यांपेक्षा पायाला आधी कळतो. बॉल आणि होलच्या मधोमध, लाईनच्या जरा बाजूला उभं राहा, कुठल्या पायावर वजन येतंय बघा. मग होलच्या खालच्या बाजूनं वाकून बघा. बादलीभर पाणी इथं ओतलं तर कुठं जाईल, हा प्रश्न स्वतःला विचारा, कारण बनवणाऱ्यानंपण हाच विचार करून उतार दिलेला असतो.

हरळीला अजून एक गुण आहे, तिची पाती आडवी एका दिशेनं पडतात. त्याला ग्रेन म्हणतात. बॉलच्या मागून बघताना गवत चमकदार दिसलं तर पाती तुमच्यापासून लांब झुकलेली, पट पळणार. गडद, मळकट दिसलं तर पाती तुमच्याकडं तोंड करून, जोर पाहिजे. खात्री करायची असेल तर होलपाशी जाऊन वाकून कड बघा. होल जेमतेम सव्वाचार इंचाचा, पण त्याच्या गोल कडेला एक बाजू नीट कापलेली, हिरवी असते आणि समोरची बाजू फाटकी, तपकिरी पडलेली. गवत त्या फाटक्या बाजूकडं वाढतंय. बारीक कापलेल्या नव्या जातींत हे कमी दिसतं, पण दुपारनंतर आणि लांब पटला फरक पडतोच.

कधी गेलात आणि ग्रीनवर सगळीकडं बोटभर भोकं आणि वर वाळू दिसली तर तोंड वाकडं करू नका. ते जमीन मोकळी करायलेत, मुळांना हवा पाहिजे. दोन-तीन आठवड्यांत भरतं, तोवर पट जरा जोरात मारा आणि स्कोर कार्ड फार मनावर घेऊ नका.

तुमच्याकडूनपण थोडं काम आहे. बॉल पडून ग्रीनवर खड्डा झाला तर फोर्क (त्यासाठीचा छोटा काटा) खड्ड्याच्या कडेला बाहेरून घाला आणि गवत मधल्या बाजूला ढकला, चारी बाजूंनी, मग पटरनं थोपटा. खालून वर उचकटायचं नाही, त्यानं मुळं तुटतात आणि तिथं टक्कल पडतं. बहुतेक जण बरोबर हेच उलटं करतात. बंकरमध्ये खालच्या बाजूनं उतरा, वरची कड ढासळते. पावसानंतर वाळू धुपून खाली कडक थर राहतो, तो क्लबनं चाचपडायचा नाही, दंड आहे, पण उभं राहताना पाय रुतवायला परवानगी आहे, तेव्हा पायालाच कळू दे वाळू किती खोल आहे. उथळ असेल तर क्लब फार उघडू नका, आपटून उसळेल.

आणि शेवटचं, माळ्यांशी बोला. आपल्याकडं निम्मे मराठी निम्मे कन्नड बोलणारे, दोन्हीतलं थोडं थोडं आलं तरी काम होतं. खेळायच्या आधी "मामा, आज ग्रीन कापलं काय?" किंवा "नीर बिट्टीरेन्‌री?" (पाणी सोडलंय काय?) एवढं विचारायचं. रात्री पाणी सोडलं असेल तर झेंड्यावर थेट मारा, थांबतं. सोडलं नसेल तर पाच-सहा यार्ड अलीकडं. होल आज सकाळी कुठं हलवलाय तेपण त्यांनाच माहीत असतं.